प्रूडन्स आणि पहिला मासा

जड पारिभाषिक शब्दांचा अनुवाद त्या मानाने सोपा असतो. कोणीतरी परिभाषा कोशात एक संस्कृत जोडशब्द घडवून ठेवलेला असतो, तो उचलायचा आणि पुढे जायचे. खरा घाम फुटतो तो निरुपद्रवी दिसणाऱ्या शब्दांशी गाठ पडल्यावर. 'प्रूडन्स' हा असा एक शब्द. मराठीत त्याच्यासाठी शहाणपण, विवेक, दूरदर्शीपणा, सावधगिरी, सुज्ञता, धोरण, काटकसर अशी रांग उभी करता येते. एका शब्दासाठी सात शब्द सांगावे लागतात तेव्हा त्यातला एकही पुरत नसतो, हे अनुवादाच्या वाटेला गेलेल्या कोणालाही ठाऊक असेल.

जेन ऑस्टिनची 'पर्सुएशन' शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांना दर वर्षी तिच्यातला एक लहानसा भाग मराठीत करायला देतो. 'प्रूडन्स' आला की बहुतेक वह्या 'सावधगिरी' लिहून मोकळ्या होतात. काही 'व्यवहारीपणा' लिहितात आणि तो लिहिताना त्यांचे नाक किंचित मुरडलेले असावे असे अक्षरावरूनही वाटते. एकदा एका वहीत सरळ 'भित्रेपणा' असे आढळले. मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही. आजचे इंग्रजीच त्या शब्दाला तेथवर घेऊन आले आहे. 'प्रूडंट' माणूस म्हणजे विमा उतरवलेला, छत्री घेऊन निघालेला, दोन पैसे मागे टाकणारा, आणि कादंबरीचा नायक होण्यास सर्वथैव अपात्र. पण या शब्दाच्या पोटात मुळात सावधगिरी नव्हतीच, किंवा होती ती शेवटच्या खणात. पहिल्या खणात होती दृष्टी.

लॅटिन 'प्रूडेन्शिया' हा 'प्रोविडेन्शिया' या शब्दाचा आकसलेला अवतार. 'प्रो' म्हणजे पुढे आणि 'विदेरे' म्हणजे पाहणे. सिसरोने ही व्युत्पत्ती स्वतःच नोंदवून ठेवली आहे. आपला 'दूरदर्शी' नेमका त्याच प्रतिमेवर उभा आहे. गंमत अशी की इंग्रजीत हे दोन्ही भाऊ वेगवेगळे नांदले. थोरल्याला, म्हणजे 'प्रॉव्हिडन्स'ला, ईश्वराने ठेवून घेतले आणि धाकटा 'प्रूडन्स' माणसांच्या वाट्याला आला. देवाचे पुढचे पाहणे ती कृपा, माणसाचे पुढचे पाहणे तो हिशेबीपणा, असा भेद पुढे झाला तो या वाटणीतूनच झाला असावा, अशी आम्हांला शंका आहे. (सोवळेपणाचा आव आणणाऱ्या व्यक्तीला इंग्रजीत 'प्रूड' म्हणतात, त्याचा या घराण्याशी काही संबंध नाही. तो शब्द जुन्या फ्रेंचमधून वेगळ्या वाटेने आला. परंतु शेजारी राहिल्याने बदनामी व्हायची ती झालीच.)

सिसरोच्याही मागे ॲरिस्टॉटल आहे. त्याचा 'फ्रोनेसिस' हा शब्द लॅटिनमध्ये 'प्रूडेन्शिया' झाला. 'निकोमाखियन एथिक्स'च्या सहाव्या भागात तो या गुणाचा विचार करतो आणि उदाहरण देतो ते पेरिक्लिसचे. घरी बसून जपून राहणाऱ्या कोणा गृहस्थाचे नव्हे, तर अथेन्सचा कारभार हाकणाऱ्या पुढाऱ्याचे. नुसत्या हुशारीपासून तो या गुणाला काटेकोरपणे वेगळे काढतो, कारण हुशारी कोणत्याही हेतूच्या चाकरीला राहते. आणि आणखी एक गोष्ट तो सांगतो, जी आमच्या मनात फार दिवस रुतून आहे. तरुण माणूस भूमितीत पारंगत होऊ शकतो. हा गुण मात्र त्याच्यात सापडत नाही, कारण तो विशिष्ट गोष्टींच्या अनुभवातून येतो आणि अनुभवाला काळ लागतो. त्या वाक्याकडे आपल्याला शेवटी परत यायचे आहे.

मध्ययुगात प्रूडन्स चार मुख्य सद्गुणांपैकी एक झाली आणि टॉमस अक्वायनसने तिला इतर नैतिक सद्गुणांची मार्गदर्शक ठरवले: करायच्या गोष्टींबाबतची नीट विचारशक्ती म्हणजे प्रूडन्स. येथे 'करायच्या' हा शब्द महत्त्वाचा. चित्रकारांनी तिला आरसा दिला, साप दिला, कधी दोन तोंडे दिली. पादुआच्या चॅपेलमध्ये जॉत्तोने तिला हातात आरसा घेऊन बसवले आहे. टिशियनचे लंडनच्या नॅशनल गॅलरीत असलेले चित्र त्याहून विलक्षण आहे. तीन पुरुषांचे चेहरे, एक म्हातारा, एक भर वयातला, एक तरुण. आणि त्यांच्याखाली लांडगा, सिंह आणि कुत्रा. भूतकाळ गिळणारा लांडगा, भविष्याकडे आशेने पाहणारा कुत्रा, आणि मध्ये सिंह. प्रूडन्सच्या चित्राच्या मधोमध सिंह बसला आहे, ही गोष्ट आम्ही वर्गात मुद्दाम दाखवतो. भित्रेपणाच्या वहीला ते परस्पर उत्तर होते.

मग हा सिंह गेला कोठे? तो एका दिवसात गेला नाही. ॲडम स्मिथने १७९० साली आपल्या 'थिअरी ऑफ मॉरल सेंटिमेंट्स'ची सहावी आवृत्ती काढली तेव्हा तीत या गुणावर नवे प्रकरण घातले. त्यातला प्रूडंट माणूस प्रथम सुरक्षितता पाहतो; आरोग्य, संपत्ती आणि अब्रू सांभाळतो. सेनापती आणि मुत्सद्दी यांची वरच्या दर्जाची प्रूडन्स वेगळी, असे स्मिथ सांगतो खरा. पण साध्या प्रूडन्सला आपण मान देतो तो थंड मान, हेही त्याने मोकळेपणी कबूल केले आहे. कांटने तर तिला नीतीच्या घरातूनच बाहेर काढले. स्वतःच्या सुखासाठी योग्य साधने निवडण्याचे कौशल्य एवढीच तिची पायरी राहिली. ब्लेकने त्याच सुमारास तिची टवाळी केली, आणि रोमँटिक काळापासून कवींनी तिच्याकडे पाठ फिरवली ती फिरवलीच. १८४८ साली लंडनमध्ये एका विमा कंपनीने 'प्रूडेन्शियल' हे नाव घेतले. सद्गुणाच्या नावाने आता पॉलिसी विकली जाणार होती.

ऑस्टिनचे मोठेपण असे की ती या घसरणीच्या अगदी मध्यावर उभी राहून लिहीत होती आणि तिला दोन्ही टोके दिसत होती. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये मिसेस गार्डिनर आपल्या भाचीला बजावतात की विकमसारख्या कफल्लक माणसात गुंतणे शहाणपणाचे नाही. थोड्याच दिवसांनी विकम दहा हजार पौंडांची वारस असलेल्या मिस किंगच्या मागे लागतो, तेव्हा त्याच मामी त्याला पैशाचा लोभी म्हणतात. एलिझाबेथ त्यांना विचारते की लग्नाच्या बाबतीत शहाणपण कोठे संपते आणि लोभ कोठे सुरू होतो. मामींकडे याचे उत्तर नाही. आमच्याकडेही नाही. स्थळे पाहण्याचा कार्यक्रम ज्या समाजात अजून चालतो तेथील विद्यार्थ्यांना हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही, एवढेच.

आता आपल्या शब्दांकडे येऊ. 'सावध' म्हणजे अवधानासह. हे अवधान वर्तमानातले. पुढचे पाहणे त्यात आपोआप येत नाही. 'विवेक' म्हणजे वेगळे करणे, नीरक्षीर निवडणे. वेदान्ताने त्याला नित्य आणि अनित्य यांच्या निवडीला जुंपले आणि तो इतका उंच जाऊन बसला की बैल विकावा की ठेवावा या प्रश्नासाठी त्याला खाली बोलावणे अवघड वाटते. 'धोरण' हा खरे तर उत्तम शब्द होता. 'धोरणाने वागणे' यात दृष्टीही होती आणि हालचालही. पण त्याला सरकारी कचेऱ्यांनी नेले. आता धोरण जाहीर होते, त्याचा मसुदा येतो. मागे उरला 'धोरणी', आणि तो उच्चारताना माणसे डोळे किंचित बारीक करतात. 'दूरदृष्टी' फलकांवरच्या पुढाऱ्यांना बहाल झाली. 'शहाणा'ची तर बोलायची सोय नाही. दीडशहाणा, अतिशहाणा, 'मोठा शहाणा लागून गेलास' अशी त्याची वरात निघते. ज्या भाषेत शहाणा ही शिवी होऊ शकते, तिने शहाणपणाबद्दल पुष्कळ विचार केलेला असणार.

समर्थांनी दासबोधात एके ठिकाणी कर्तव्यांचा क्रम लावला आहे. आधी हरिकथानिरूपण, मग राजकारण, आणि तिसऱ्या जागी सर्व बाबतींतले सावधपण. याच समर्थांची बोहल्यावरची आख्यायिका प्रत्येक मराठी माणसाने लहानपणी ऐकलेली असते. मंगलाष्टकांत 'सावधान' ऐकू आले आणि नारायण मांडवातून उठून पळाला. कथा खरी की खोटी हा प्रश्न येथे नाही. आम्हांला तिच्यात दिसतो तो शब्दाचा अर्थ. बाकीच्या सर्वांसाठी 'सावधान' म्हणजे जागच्या जागी जपून उभे राहा. त्या मुलासाठी ती निघण्याची सूचना होती. सावधगिरी आणि प्रूडन्स यांच्यात जे अंतर आहे ते एवढेच आहे, आणि ते फार आहे.

या अंतराची सर्वांत जुनी आणि नेमकी मांडणी आम्हांला एका माशांच्या गोष्टीत सापडते. पंचतंत्रात ती आहे, हितोपदेशात आहे, आणि महाभारताच्या शांतिपर्वात भीष्मही ती युधिष्ठिराला सांगतात. तळ्यात तीन मासे. कोळी येणार अशी चाहूल लागते. पहिला मासा त्याच वेळी तळे सोडून दुसऱ्या पाण्यात निघून जातो. दुसरा थांबतो आणि जाळ्यात सापडल्यावर युक्तीने निसटतो. हितोपदेशात तो मेल्याचे सोंग घेतो. तिसरा काहीच करत नाही आणि मरतो. नावे फार बोलकी आहेत: अनागतविधाता, प्रत्युत्पन्नमती आणि यद्भविष्य. महाभारतात तिसऱ्याचे नाव दीर्घसूत्र आहे. 'अनागतविधाता', म्हणजे जे अजून आलेले नाही त्याची तजवीज करणारा. प्रूडन्सचा याहून अचूक अनुवाद कोणत्या भाषेत झाला असेल असे आम्हांला वाटत नाही.

आता पुढची मौज पाहा. दुसऱ्या माशाला मराठीत जिवंत शब्द आहे: प्रसंगावधान. त्याच्या बातम्या येतात. चालकाच्या प्रसंगावधानाने प्रवासी वाचले. तिसऱ्यालाही शब्द मिळाला; दीर्घसूत्री कारभाराला आपण रोज नावे ठेवतो. पहिल्या माशाचा शब्द मात्र संस्कृतच्या पुस्तकातच राहिला. म्हणींचेही तेच. तहान लागल्यावर विहीर खणणारा आहे, वरातीमागून घोडे नेणारे आहेत, अंथरूण पाहून पाय पसरण्याचा उपदेशही आहे. पण तहान लागण्याआधी ज्याने विहीर खणली त्याच्यावर म्हण नाही. कारण उघड आहे. त्याच्या बाबतीत काही घडलेच नाही. ज्या संकटातून माणूस वाचला ते सांगता येते. जे संकट त्याच्यापर्यंत पोहोचलेच नाही त्याची गोष्ट होत नाही. कथनशास्त्राच्या तासाला हा मुद्दा आम्ही नेहमी मांडतो, आणि तो मांडताना आमच्या डोळ्यांपुढे पुस्तक नसते.

आमचे आजोबा नगर जिल्ह्यातले, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे. कोरडवाहू जमीन, दोन बैल, एक विहीर आणि एक धाकटा भाऊ. १९७१ साली पाऊस कमी झाला. दर दिवाळीला विहिरीच्या पोहऱ्याला किती हात दोर लागतो हे मोजून ते घराच्या चौकटीवर कोळशाने रेघ ओढीत. त्या वर्षीची रेघ मागच्या सगळ्या रेघांच्या पार खाली गेली. कडब्याची गंजीही निम्मीच होती. दिवाळीनंतरच्या बाजारात त्यांनी दोन्ही बैल विकले, आपल्या वाटणीची जमीन भावाला कसायला दिली आणि बायकामुलांना घेऊन पुणे गाठले. तेथे एका लाकडाच्या वखारीत हिशेब लिहिण्याचे काम मिळाले. भावाला त्यांनी बरोबर येण्याबद्दल विनवले होते. तो म्हणाला, बापजाद्यांची भुई सोडून कोठे जायचे? पंचतंत्रातला तिसरा मासाही असेच काहीसे म्हणतो, आणि त्याचे म्हणणे खोटे नसते.

गाव हसला. 'अति शहाणा त्याचा बैल रिकामा' ही म्हण त्या आठवड्यात गावात किती वेळा वापरली गेली असेल याची कल्पना करता येते. येथे तर बैलच विकलेले. मग १९७२ साल आले. त्याबद्दल मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको: खडी फोडण्याची आणि पाझर तलावांची कामे, मिलोच्या भाकरी, सुकडी, मातीमोलाने गेलेली जनावरे. धाकट्या आजोबांचे बैल चाऱ्यावाचून गेले. पण तो माणूस खचला नाही. तलावाच्या कामावर तो मुकादम झाला, वस्तीतल्या तीस-चाळीस माणसांना त्याने हजेरीपटावर घेतले, आणि रात्री कंदिलाच्या उजेडात विहिरीचा गाळ काढून ती आणखी पाच हात खोल नेली. तिला पाणी लागले. ती रात्र आम्ही शंभरदा ऐकली आहे. लग्नात, बारशात, दहाव्याला, कोणीतरी ती सांगतेच. कंदील विझतो, पहारीखाली माती ओली लागते, धाकटे आजोबा वर हाक मारतात. उत्तम गोष्ट आहे. तिच्यात जाळे आहे आणि जाळ्यातून निसटणे आहे.

पुण्याला गेलेल्या आजोबांची गोष्ट कोणी सांगत नाही. सांगणार तरी काय? त्यांनी बैल विकले आणि पुढे काही झाले नाही. त्यांची पाच मुले त्या वर्षी रोज जेवली, शाळेत गेली. आमच्या वडिलांना त्या दुष्काळाची आठवण नाही. घरात त्यांचा उल्लेख 'आप्पा धोरणी होते' असा होई आणि वाक्य तेथेच संपे. गावच्या जत्रेला ते गेले की पाहुण्यासारखे पाटावर बसत. एकदाच, फार म्हातारपणी, टीव्हीवर कोणत्यातरी दुष्काळाची बातमी चालू असताना ते म्हणाले होते, "रेघ खाली गेली होती रे. मी काय करणार?" समोर कोणीही त्यांना काही विचारलेले नव्हते.

या प्रसंगाचा अर्थ आम्ही आजी-आजोबांच्या प्रेमापोटी फुगवतो आहोत असे कोणी म्हणेल. म्हणोत. पण त्यांच्या त्या वाक्यात जो प्रश्न आहे तो ऑस्टिनच्या शेवटच्या पूर्ण कादंबरीचाही प्रश्न आहे. 'पर्सुएशन'मधील अ‍ॅन एलियट एकोणीस वर्षांची असताना लेडी रसेलच्या सांगण्यावरून वेंटवर्थशी ठरलेले लग्न मोडते. मुलाकडे पैसा नाही, ओळखीपाळखी नाहीत, आरमाराची नोकरी, म्हणजे केव्हाही काहीही होण्याचा संभव. लेडी रसेल दुष्ट नाही. अ‍ॅनवर तिचे आईइतके प्रेम आहे. आठ वर्षांनी वेंटवर्थ पंचवीस हजार पौंड मिळवून परत येतो. सल्ला चुकीचा ठरला. पण चुकीचा 'होता' का? कादंबरीच्या शेवटी अ‍ॅन वेंटवर्थला सांगते की लेडी रसेलचे ऐकले हे बरोबरच केले. आपण स्वतः मात्र असा सल्ला कोणाला देणार नाही. आणि अशा बाबतीत सल्ल्याचा बरेवाईटपणा नंतर काय घडते त्यावरच ठरतो. वेंटवर्थ समुद्रात बुडाला असता तर लेडी रसेल द्रष्टी ठरली असती. १९७२ साली भरपूर पाऊस पडला असता तर आप्पा अतिशहाणे ठरले असते. दोघांनी केलेले काम तेच राहिले असते. शब्द बदलला असता.

हे मोजमाप आम्हांला पटत नाही, आणि न पटण्याला एक अनपेक्षित आधार मिळाला तो कायद्याच्या पुस्तकात. १८७२ चा भारतीय पुरावा कायदा ज्याने रचला तो जेम्स फिट्झजेम्स स्टीफन साहित्याच्या विद्यार्थ्यांना दुसऱ्या नात्याने माहीत असतो: तो व्हर्जिनिया वूल्फचा चुलता. एखादी गोष्ट शाबीत झाली असे केव्हा म्हणायचे, याची व्याख्या त्याने तिसऱ्या कलमात केली. न्यायालयाची तशी खात्री पटली तर. किंवा ती गोष्ट इतकी संभाव्य वाटली की त्या परिस्थितीत 'प्रूडंट' माणसाने ती आहे असे धरून कृती करावी, तर. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने, जो १ जुलै २०२४ पासून लागू झाला, जुना कायदा बाजूला सारला. पण ही व्याख्या आणि तिच्यातला हा माणूस तसाच पुढे आला. दीडशे वर्षे या देशातली न्यायालये ज्याच्या नजरेने पुरावा तोलत आली तो हा प्रूडंट माणूस थांबणारा नाही. पूर्ण खात्री नसताना, पुरेशा आधारावर, पाऊल उचलणारा आहे. आणि त्याला पारखायचे ते त्या वेळच्या परिस्थितीवरून; पुढे पाऊस पडला की नाही यावरून नव्हे. चौकटीवरची कोळशाची रेघ हा पुरावा होता. स्टीफनच्या न्यायालयात आप्पा निर्दोष सुटले असते.

हिशेबतपासनिसांच्या जगातही या शब्दाने असेच एक वळण घेतले आहे. होऊ घातलेला तोटा आधीच लिहून ठेवायचा, होऊ घातलेला नफा हाती येईपर्यंत लिहायचा नाही, हे त्यांचे जुने प्रूडन्स-तत्त्व. आंतरराष्ट्रीय लेखामानक मंडळाने २०१० साली आपल्या संकल्पना-चौकटीतून हा शब्द काढून टाकला, कारण असा झुकता तराजू तटस्थ नव्हे. २०१८ साली तो परत आणला, पण एक अट घालून: मालमत्ता फुगवून दाखवू नये तशी ती मुद्दाम कमीही दाखवू नये. म्हणजे वाजवीपेक्षा जास्त घाबरणे हीसुद्धा प्रूडन्स नव्हे. नीतिशास्त्राने सोडून दिलेला अर्थ लेखापालांनी जपावा, याचे आम्हांला हसूही आले आणि बरेही वाटले. त्याहून थोडे हलके उदाहरण हवे असेल तर बीटल्सचे आहे. १९६८ साली हृषीकेशच्या आश्रमात प्रूडन्स फॅरो नावाची तरुणी ध्यानासाठी खोलीत कोंडून बसली, बाहेर येईना, आणि जॉन लेननने तिच्यावर गाणे रचले. प्रूडन्सला दार उघडून बाहेर ये म्हणून विनवावे लागते, हा योगायोग एखाद्या रूपककथेत शोभला असता.

तर मग मराठीत लिहायचे काय? ॲरिस्टॉटल शिकवताना आम्ही 'तारतम्य' वापरतो. 'तर' आणि 'तम' या तुलनेच्या प्रत्ययांपासून झालेला हा शब्द अधिक-उणे जोखण्याची क्रिया जागती ठेवतो आणि त्याला अजून कोणी शिवी केलेले नाही. स्टीफनच्या माणसाला 'सुज्ञ' चालून जाते. आप्पांना 'धोरणी'च राहू द्यावे. फक्त डोळे बारीक न करता म्हणावे. अडते ते 'पर्सुएशन'मध्ये. अ‍ॅनला तरुणपणी प्रूडन्स जबरदस्तीने शिकावी लागली आणि प्रणय ती वय वाढल्यावर शिकली, असा त्या प्रसिद्ध जागेचा भाव आहे. तेथे 'सावधगिरी' अगदीच पाणचट होते. 'तारतम्य' लादता येत नाही. 'विवेक' लादला तर तो विवेक राहत नाही.

मागल्या खेपेस वर्गात एका विद्यार्थिनीने 'पोक्तपणा' सुचवला. आम्ही तो फळ्यावर लिहिला आणि बराच वेळ पाहत राहिलो. पोक्त म्हणजे पिकलेला, वयाने आलेला. एकोणीस वर्षांच्या मुलीवर पोक्तपणा लादला, असे म्हणताच ॲरिस्टॉटलचे ते तरुण माणसाबद्दलचे वाक्य आपोआप आत येऊन बसते. जे काळाने यायचे ते दुसऱ्याच्या काळातून उसने आणून तिच्या अंगावर चढवले गेले. मागच्या बाकावरून एकाने हरकत घेतली की पोक्तपणात पुढचे पाहणे कोठे आहे? हरकत रास्त होती. त्यावर ती विद्यार्थिनी म्हणाली, "सर, आमच्याकडे स्थळाला सांगताना म्हणतात, मुलगी वयाच्या मानाने पोक्त आहे. कौतुकानेच म्हणतात." वर्गातल्या मुली हसल्या, सगळ्या नव्हे. शब्द फळ्यावर तसाच राहू दिला आहे. या वर्षीच्या वह्या अजून तपासायच्या आहेत.